रॉकेटांचा हिशेब

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची लांबलचक रांग सावकाश सरकत गेली. अंगणात, गच्चीवर उभ्या असलेल्या माणसांनी मोबाइल वर धरले. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान पेटलं म्हणालं. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावात, धातूचं एक प्रचंड कडं सापडलं. व्यास साधारण तीन मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या दुपटीहून जास्त. आसपासच्या शिवारांत गोल टाक्याही मिळाल्या. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. आकाशातल्या वस्तूंच्या कक्षा ताडून पाहणाऱ्यांनी सांगितलं, की हे चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असावेत. ते रॉकेट उडालं होतं फेब्रुवारी २०२१ मध्ये. म्हणजे उपग्रह सोडून झाल्यावर तो रिकामा टप्पा जवळजवळ चौदा महिने पृथ्वीभोवती फिरत राहिला आणि पाडव्याच्या संध्याकाळी लाडबोरीत उतरला.

ते रॉकेट सुटलं तेव्हा त्याची बातमी आलीच असेल, तर दोन ओळींची आली असेल. रॉकेट सुटलं, उपग्रह कक्षेत गेला, विषय मिटला. मी काही वर्षांपासून जगभरच्या प्रक्षेपणांची एक वही ठेवतो. सुरुवातीला तिच्यात तारीख, रॉकेटचं नाव, जागा आणि यश की अपयश एवढेच रकाने होते. लाडबोरीनंतर आणखी दोन आखले. एक, मूळ तारीख कोणती होती आणि ती का बदलली. दुसरा, उड्डाणानंतर काय कळलं. आता वही चाळताना मला हे दोन रकानेच सगळ्यात बोलके वाटतात.

आधी आकडे. २००५ च्या सुमारास जगभरातून वर्षाला पन्नास-पंचावन्न रॉकेटं कक्षेकडे जात. आठवड्याला एक, इतकं ते सोपं होतं. रविवारी बसून आठवड्याची नोंद करता यायची. २०२३ मध्ये हा आकडा दोनशेच्या पुढे गेला, २०२४ मध्ये अडीचशेच्या आणि २०२५ मध्ये तीनशेच्या. आठवड्याच्या सुट्ट्या सोडल्या तर रोज एक, असा हिशेब पडतो.

पण नुसती बेरीज फसवते. २०२५ मधली १६५ उड्डाणं एकट्या फाल्कन ९ ची होती, आणि त्यांतली बहुसंख्य स्पेसएक्सच्याच स्टारलिंक उपग्रहांसाठी. आपलाच माल, आपलीच गाडी. चीनने नव्वदच्या वर रॉकेटं उडवली. उरलेल्या सगळ्या जगाच्या वाट्याला साठ-सत्तर आली. भारताची २०२४ मध्ये ५ आणि २०२५ मध्येही ५.

फाल्कनला हे जमलं, कारण त्याचा पहिला टप्पा परत येतो. डिसेंबर २०१५ मध्ये तो पहिल्यांदा फ्लोरिडाच्या जमिनीवर सरळ उभा उतरला. मार्च २०१७ मध्ये आधी उडालेला टप्पा पुन्हा उडाला. आता काही टप्प्यांची तिसाहून अधिक उड्डाणं झाली आहेत. एसटीची गाडी डेपोत येते, धुतली-तपासली जाते आणि पुढच्या फेरीला निघते, तसं हे चाललं आहे. बाकीचं बहुतेक जग अजून प्रत्येक फेरीला नवी गाडी बांधतं आणि फेरी संपली की ती टाकून देतं. त्यामुळे प्रक्षेपणांच्या संख्येवरून कोणता देश पुढे आहे ते ठरवू नये. कोण काय नेतं आणि कोणासाठी नेतं, ते पाहावं. भारताच्या २०२५ च्या पाचांमध्ये नासा आणि इस्रोचा निसार उपग्रह होता. २४ डिसेंबरला एलव्हीएम३ रॉकेटने नेलेला सुमारे ६,१०० किलोंचा ब्लूबर्ड होता, भारताच्या भूमीवरून गेलेला आजवरचा सर्वांत जड उपग्रह. आणि वर्षाच्या मध्यावर एक अपयशही होतं. त्याकडे मी शेवटी येतो, कारण मला सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायचं आहे.

आता तारखांकडे. नव्याने माग ठेवू लागणारा माणूस सर्वांत आधी तारखांनी वैतागतो. जाहीर झालेली तारीख क्वचितच टिकते. या क्षेत्रातल्या वेळापत्रकांवर बहुतेक तारखांच्या मागे ‘याआधी नाही’ अशा अर्थाची एक खूण असते, आणि ती शब्दशः घ्यायची असते. अमुक दिवशी उडेल असं वचन त्यात नाही. अमुक दिवसाआधी नक्की उडणार नाही, इतकंच ती सांगते. शिवाय वेळा जागतिक प्रमाणवेळेत दिलेल्या असतात. त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते आणि पुष्कळदा तारीखही बदलते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवसाची पहाट.

तारीख का सरकते हे समजून घेतलं की वैताग जातो आणि कुतूहल वाढतं. १५ जुलै २०१९ च्या पहाटे चंद्रयान-२ ची उलटी गणना ५६ मिनिटं २४ सेकंदांवर थांबवली गेली. देशभर लोक जागे होते, हिरमुसले. आठवड्याभराने, २२ जुलैला, ते रॉकेट नीट उडालं. निसारची गोष्ट वेगळी. त्याचा १२ मीटर व्यासाचा अँटेनाचा परावर्तक भारतात येऊन पोचला होता; पण उष्णतेपासून बचावासाठी त्यावर वेगळा लेप हवा म्हणून तो पुन्हा कॅलिफोर्नियाला नेला, लेप लावून परत आणला, आणि २०२४ चं उड्डाण ३० जुलै २०२५ ला झालं. अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांची अ‍ॅक्सिऑम-४ मोहीम जून २०२५ मध्ये कितीतरी वेळा पुढे ढकलली गेली. कधी हवामान, कधी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या रशियन भागातली गळती. पण सर्वांत महत्त्वाचं कारण फाल्कनच्या द्रवरूप ऑक्सिजनच्या गळतीचं होतं. ती पूर्ण दुरुस्त केल्याशिवाय उड्डाण नको, असा आग्रह अमेरिकेत गेलेल्या इस्रोच्या पथकाने धरला, हे इस्रोचे अध्यक्ष व्ही. नारायणन यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं. त्या आठवड्यांत समाजमाध्यमांवर ‘पुन्हा पुढे ढकललं’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना मी मनापासून सांगेन, की त्या मोहिमेतली सर्वांत अभिमानाची गोष्ट ती लांबलेली तारीखच होती.

हे सगळं एकाच सकाळी अनुभवायचं, तर २१ ऑक्टोबर २०२३ आठवावी. गगनयानाच्या प्रवासी कुपीला संकटात रॉकेटपासून दूर खेचून नेणाऱ्या यंत्रणेची ती पहिली उड्डाण-चाचणी, टीव्ही-डी१. वेळ सकाळी ८ ची. हवा ढगाळ, म्हणून वेळ पुढे सरकली, ८:४५ झाली. गणना सुरू. दहा, नऊ, आठ... आणि पाच सेकंद उरले असताना सारं थांबलं. इंजिन पेटण्याच्या प्रक्रियेत संगणकाला काहीतरी खटकलं आणि त्याने स्वतःच हात आवरता घेतला. तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन साध्या शब्दांत सांगितलं, की रॉकेट सुरक्षित आहे, जाऊन पाहावं लागेल. मला वाटलं, झालं, आता पुढचा महिना. पण चूक शोधून ती दूर करून बरोबर १० वाजता ते उडालं. कुपी सुटली, पॅराशूट उघडले आणि नौदलाने ती बंगालच्या उपसागरातून उचलून आणली. पाच सेकंदांवर थांबायला शिकलेलं यंत्र आणि त्यानंतर सव्वा तासात पुन्हा उभं राहणारी माणसं, हे मी थेट पाहिलेल्या सगळ्या उड्डाणांत मला अजून सर्वांत जवळचं वाटतं.

काही वेळा अंतर मिनिटांचं असतं. ३० डिसेंबर २०२४ ला स्पेडेक्स मोहिमेचे दोन उपग्रह घेऊन जाणारं पीएसएलव्ही-सी६० रात्री ९:५८ ला सुटणार होतं, ते १० वाजता सुटलं. कारण वर गर्दी होती. नेमक्या त्या वेळी त्या मार्गावर दुसरी एखादी वस्तू जवळ येण्याची शक्यता होती, म्हणून दोन मिनिटं थांबायचं ठरलं. कक्षेतली दाटी आता जमिनीवरच्या घड्याळात उतरली आहे. ती दाटी आपल्याकडून डोळ्यांनीही दिसते. सूर्यास्तानंतर आकाशात माळेत ओवल्यासारखे ठिपके एका ओळीत जाताना दिसले, की गावोगावहून विचारणा होते. ते नुकतेच सोडलेले स्टारलिंक उपग्रह असतात.

आणखी एक खूण सांगतो, कारण ती फार कमी लोकांना ठाऊक असते. उड्डाणाआधी वैमानिकांसाठी आणि जहाजांसाठी सूचना निघतात. वैमानिकांच्या सूचनेला नोटॅम म्हणतात. अमुक तारखांना अमुक वेळेत समुद्राच्या या पट्ट्यात जाऊ नका, असं त्यात अक्षांश-रेखांशांसह लिहिलेलं असतं. ते बिंदू नकाशावर मांडले की रॉकेट कोणत्या दिशेने जाणार आणि त्याचे टप्पे कुठे पडणार, याचा अंदाज येतो. पट्टा पूर्वेला गेला तर उपग्रह बहुधा भूस्थिर कक्षेच्या वाटेवर. दक्षिणेकडे वळला तर ध्रुवीय कक्षेकडे. श्रीहरिकोट्याहून सरळ दक्षिणेला जायचं तर वाटेत श्रीलंका येते. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला जातं आणि मग वळतं. त्या वळणात इंधन खर्च होतं. लहान रॉकेटाला तो खर्च परवडत नाही, आणि तमिळनाडूत कुलशेखरपट्टिणम इथे दुसरं केंद्र उभं राहण्यामागे हे मोठं कारण आहे. एवढं मात्र लक्षात ठेवावं, की बंगालच्या उपसागरात क्षेपणास्त्रांच्या चाचण्याही होतात. सूचना दिसली की उपग्रहच जाणार, असं समजू नये.

बाकी जगात गेल्या वर्ष-दोन वर्षांत काय घडलं, ते भराभर पाहू. स्पेसएक्सच्या स्टारशिपने १३ ऑक्टोबर २०२४ ला आपला प्रचंड खालचा टप्पा मनोऱ्याच्या दोन बाहूंमध्ये झेलून दाखवला. पण २०२५ च्या पहिल्या दोन उड्डाणांत त्याचे वरचे भाग कॅरिबियन बेटांच्या आकाशात फुटले आणि विमानांना मार्ग बदलावे लागले. ब्लू ओरिजिनचं न्यू ग्लेन जानेवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि नोव्हेंबरमध्ये, दुसऱ्याच उड्डाणात, त्याचा पहिला टप्पा समुद्रातल्या तराफ्यावर उतरला. युरोपचं अरियान ६ जुलै २०२४ पासून सेवेत आहे. नॉर्वेच्या आंडोया बेटावरून ३० मार्च २०२५ ला सुटलेलं जर्मन स्पेक्ट्रम अर्ध्या मिनिटात समुद्रात कोसळलं, आणि ऑस्ट्रेलियाचं एरिस जुलैमध्ये १४ सेकंद हवेत राहिलं. पहिल्या प्रयत्नाकडून याहून फार अपेक्षा करू नये; आपलं एसएलव्ही-३ सुद्धा ऑगस्ट १९७९ मध्ये समुद्रात गेलं होतं आणि जुलै १९८० मध्ये यशस्वी झालं. त्याच्या घन इंधनामागे पुण्याच्या वसंत गोवारीकरांचं मोठं काम होतं.

कझाकस्तानातल्या बैकोनूरची बातमी मात्र इतक्यात संपवता येत नाही. २७ नोव्हेंबर २०२५ ला तिथून सोयुझ व्यवस्थित उडालं, तिघे अंतराळवीर सुखरूप स्थानकावर पोचले. यशाच्या रकान्यात खूण. पण त्याच उड्डाणात प्रक्षेपण-तळाचा खालचा सेवा-मंच मोडून पडला, आणि रशियाला माणसं स्थानकाकडे पाठवण्यासाठी वापरात असलेला तो एकमेव तळ होता. फक्त ‘यशस्वी’ लिहून वही मिटली, तर हे कळणारच नाही. एनव्हीएस-०२ उपग्रहाचंही तसंच. २९ जानेवारी २०२५, श्रीहरिकोट्याहून शंभरावं प्रक्षेपण, रॉकेटने आपलं काम चोख केलं. नंतर उपग्रहाच्या झडपा उघडल्या नाहीत आणि तो ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही.

चीनमध्ये दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. तिथल्या खासगी कंपन्या वेगाने पुढे येत आहेत. झुचुए-२ हे मिथेनवर चालून कक्षेत पोचणारं जगातलं पहिलं रॉकेट ठरलं, जुलै २०२३ मध्ये. डिसेंबर २०२५ मध्ये झुचुए-३ कक्षेत पोचलं, पण त्याचा परतणारा टप्पा उतरण्याच्या जागेजवळ आदळला. त्याच महिन्यात सरकारी लाँग मार्च १२ए च्या बाबतीतही तेच झालं. दुसरीकडे, शिचांगसारख्या देशाच्या आतल्या भागातल्या केंद्रांवरून सुटणाऱ्या जुन्या रॉकेटांचे खालचे टप्पे अजूनही डोंगर-खेड्यांत पडतात. ३० जून २०२४ ला हेनान प्रांतात तियानलोंग-३ चा टप्पा जमिनीवर बांधून इंजिनं तपासत असताना सुटला आणि जवळच्या डोंगरात जाऊन फुटला. आणि कक्षेत सोडून दिलेले वरचे टप्पे कुठेही पडू शकतात. लाडबोरीला ते कळलं. इंधन थोडं राखून वरचा टप्पा निर्जन समुद्रात उतरवणं शक्य आहे, अनेक संस्था ते करतात. सगळ्यांनी ते बंधनकारक मानावं, असं मला ठामपणे वाटतं. कुणाच्या तरी शेतात तीन मीटरचं कडं पडावं आणि त्याला योगायोग म्हणावं, हे पटत नाही.

आता पीएसएलव्ही.

१८ मे २०२५, रविवार, पहाटे ५:५९. पीएसएलव्ही-सी६१, वर १,६९६ किलोंचा ईओएस-०९, ढगांतूनही पाहू शकणारा रडार उपग्रह. इस्रोच्या थेट प्रक्षेपणात पडद्यावर एक आलेख असतो: ठरलेला मार्ग आधीच आखलेला आणि प्रत्यक्ष मार्ग त्यावर सरकत जाणारा. एकावर दुसरी रेघ इतकी तंतोतंत बसते, की सवय झालेला डोळा तिकडे पाहणंच सोडतो. घोषणा करणारा आवाज दर टप्प्याला ‘परफॉर्मन्स नॉर्मल’ म्हणतो आणि तोही कानाला सवयीचा होतो. त्या पहाटे तिसऱ्या, घन इंधनाच्या टप्प्यात दाब घसरला. रेघ ठरलेल्या मार्गाखाली झुकू लागली. मोहीम फसली.

पीएसएलव्ही म्हणजे आपल्या घरचं खात्रीचं माणूस. १९९३ चं पहिलं उड्डाण आणि २०१७ मध्ये उष्णतारोधक कवच न उघडल्याने फसलेलं सी३९ सोडलं, तर पूर्ण अपयश त्याला ठाऊक नव्हतं. चंद्रयान-१ याच रॉकेटाने नेलं, मंगळयानही. २०१७ मध्ये एका उड्डाणात १०४ उपग्रह सोडले. महाराष्ट्राचाही त्यात जीव आहे. दुसऱ्या टप्प्याचं विकास इंजिन विक्रोळीला गोदरेजमध्ये बनतं, मोटारींची आवरणं इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं खपून तयार केलेला, किलोभरही वजन नसलेला ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये पीएसएलव्हीनेच वर नेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई आयआयटीचा ‘प्रथम’.

सी६१ नंतर चौकशी समिती नेमली गेली. मी अहवालाची वाट पाहिली, कारण तसा पायंडा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये जीएसएलव्ही-एफ१० फसलं, तेव्हा एका झडपेच्या गळतीमुळे हायड्रोजनच्या टाकीतला दाब कसा उतरला, हे इस्रोने तपशीलवार सांगितलं. ऑगस्ट २०२२ मध्ये एसएसएलव्हीचं पहिलं उड्डाण फसलं, तेव्हा दुसरा टप्पा सुटतानाच्या क्षणभराच्या हादऱ्याने त्वरणमापक कसे गोंधळले आणि संगणकाने त्यांना कसं बाजूला काढलं, तेही लोकांपुढे आलं. दोन्ही रॉकेटं पुढच्या उड्डाणात यशस्वी झाली. बाहेरही हेच दिसतं. जुलै २०२४ मध्ये फाल्कनचा वरचा टप्पा बिघडला, तेव्हा दाब मोजणाऱ्या बारीक नळीला तडा गेल्याचं कंपनीने सांगितलं आणि पंधरवड्याच्या आसपास ते पुन्हा उडालं. जपानचं एच३ डिसेंबर २०२५ मध्ये फसलं, तेव्हा तिथल्या अंतराळ संस्थेने मंत्रालयाच्या समितीपुढे आपली निरीक्षणं मांडली आणि ती सर्वांना पाहायला मिळाली.

सी६१ चा अहवाल मात्र पुढचं पीएसएलव्ही उडेपर्यंत जनतेपुढे आला नाही.

ते पुढचं उड्डाण १२ जानेवारी २०२६ ला, सोमवारी सकाळी १०:१८ ला झालं. सी६२. ईओएस-एन१ म्हणजे अन्वेषा हा मुख्य उपग्रह आणि त्याच्यासोबत पंधरा छोटे. त्यांत आसाम डॉन बॉस्को विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांचा ‘लाचित-१’ होता, भारतीय नवउद्योगांचे उपग्रह होते, परदेशी ग्राहकांचेही. पहिला टप्पा नीट, दुसरा नीट. तिसरा टप्पा संपत आला आणि घोषणांमध्ये खंड पडला. मी पडद्याच्या जवळ सरकलो, तोवर आलेख बोलून गेला होता. थोड्या वेळाने नारायणन पुढे आले. तिसऱ्या टप्प्याच्या अखेरीस रॉकेट स्वतःभोवती फिरण्याच्या वेगात गडबड दिसली आणि मग ते मार्गावरून ढळलं, असं त्यांनी सांगितलं. पीएसएलव्हीची सलग दोन उड्डाणं फसण्याची ही पहिलीच वेळ, आणि दोन्ही वेळा तिसरा टप्पा.

रॉकेटं फसतात, हे मी मनापासून मान्य करतो. ज्यांनी हयात तिथे घालवली, त्यांना त्या सकाळी काय वाटलं असेल याची कल्पना करतो तेव्हा माझ्याने बोलवत नाही. माझं म्हणणं अहवालापुरतं आहे. सी६१ चं कारण सी६२ च्या आधी सर्वांना कळलं असतं, तर आपला उपग्रह त्या रॉकेटावर ठेवायचा की थांबायचं, हे त्या सोळा उपग्रहांच्या मालकांना डोळसपणे ठरवता आलं असतं. बाहेरच्या जाणकारांना प्रश्न विचारता आले असते. ‘लाचित-१’ साठी राबलेल्या मुलांना निदान आपण कशावर विसंबलो, हे ठाऊक असतं.

सी६२ वर एका स्पॅनिश कंपनीची छोटी कुपीही होती, नाव किड. परत वातावरणात शिरताना काय होतं, ते तिला मोजायचं होतं. रॉकेट भरकटलं असताना ती कशीबशी सुटी झाली, चालू झाली, आणि खाली कोसळताना सुमारे तीन मिनिटं माहिती पाठवत राहिली. कंपनीने ते लगेच जगाला कळवलं. माझ्या वहीत सी६२ च्या ओळीत ‘नंतर काय कळलं’ या रकान्यात पहिली नोंद तिचीच झाली: किड, तीन मिनिटं.